मणिबेलीचा धडा: आंतरराष्ट्रीय विकासकामातला वसाहती साचा ओळखायचा कसा आणि मोडायचा कसा

१९८५ साली जागतिक बँकेने नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरण प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. करारावर सह्या झाल्या तेव्हा नेमकी किती माणसं उठणार, ती कुठे जाणार, त्यांना कुठली जमीन मिळणार याचा धड हिशेब कुणाकडेच नव्हता. केंद्राच्या पर्यावरण खात्याची मंजुरी दोन वर्षांनी, १९८७ मध्ये आली, तीही अटी घालून. महाराष्ट्रातलं पहिलं बुडीत गाव होतं मणिबेली, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातलं. तिथल्या आदिवासींच्या जमिनीचा, नदीचा आणि देवस्थानांचा निर्णय त्यांना न विचारता होऊन गेला होता. पुढे गुजरात, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांतल्या नर्मदा खोऱ्यात संघर्ष उभा राहिला आणि १९९१ मध्ये बँकेला आपल्याच प्रकल्पाची स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर यांच्या समितीने जून १९९२ मध्ये सांगितलं की बँकेने इथून मागे सरावं आणि सगळ्याचा नव्याने विचार करावा. ३० मार्च १९९३ रोजी भारत सरकारने उरलेलं कर्ज घेणार नसल्याचं बँकेला कळवलं.

या एका प्रकरणात आंतरराष्ट्रीय विकासकामातला वंशभेद कसा चालतो आणि त्याला कुठे पकडता येतं, हे दोन्ही दिसतं. हा वंशभेद क्वचितच शिवीगाळीच्या रूपात भेटतो. कुणाचा कागद ग्राह्य, कुणाच्या वेळेला किंमत, कुणाचा पगार किती, आणि चूक झाली तर जाब कुणाला द्यायचा, अशा रोजच्या व्यवस्थेत तो मुरलेला असतो. त्यामुळे त्यावरचा उपायही व्यवस्थेतच करावा लागतो. परिसंवाद आणि नवी शब्दावली यांनी तो होत नाही.

परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थांतले कार्यकर्ते, लंडन-जिनिव्हा-नैरोबीत धोरणाच्या टेबलावर बसलेली मराठी माणसं, विकास अभ्यासाचे विद्यार्थी, आणि ज्यांच्या गावात उद्या सल्लागारांची गाडी येऊन थांबणार आहे ते ग्रामसभेचे सदस्य अशा सगळ्यांसाठी खालच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. क्रम महत्त्वाचा आहे, पण प्रत्येक पायरीला सारखाच वेळ लागत नाही. दुसरी आणि चौथी सर्वांत जास्त वेळ खातात, आणि लोक नेमक्या त्याच टाळतात.

पहिली पायरी: निर्णय कुणाचा, ते कागदावर मांडा

कुठल्याही प्रकल्पाबद्दल मत बनवण्याआधी एक मोठा कागद घ्या आणि चार रकाने आखा. पैसा कोण देतं? सही कोण करतं? काम थांबवण्याचा अधिकार कुणाला आहे? नुकसान झालं तर ते कुणाच्या अंगावर पडेल? पहिल्या तीन रकान्यांत जी नावं येतात त्यांतलं एकही चौथ्यात नसेल, तर साचा वसाहती आहे असं समजून पुढे चला. हेतू चांगला असला तरीही.

हीच मांडणी वरच्या पातळीवर करून पाहा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे साधारण साडेसोळा टक्के मतं आहेत. म्हणजे एका देशाच्या नकाराने जगाचा निर्णय अडतो. भारताकडे पावणेतीन टक्क्यांहूनही कमी मतं आहेत. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांना नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळात तिसरी खुर्ची मिळायला २०२४ उजाडलं. नाणेनिधीचा प्रमुख आजवर युरोपीयच राहिला आहे आणि जागतिक बँकेचा अध्यक्ष अमेरिकी. सध्याचे अध्यक्ष अजय बंगा यांचा जन्म पुण्यातल्या खडकीचा, याचा आपल्याकडे आनंद झाला. त्या आनंदात काही गैर नाही. मात्र ते त्या खुर्चीवर अमेरिकेचे नागरिक आणि अमेरिकेचे उमेदवार म्हणून बसले. चेहरा बदलला, नेमणुकीचा नियम तोच राहिला. पाठपुरावा करणाऱ्याने नियमावर नजर ठेवायची असते.

माहिती कुठून काढायची? जागतिक बँकेच्या प्रत्येक प्रकल्पाचं संकेतस्थळावर स्वतंत्र पान असतं. तिथे मूल्यांकन अहवाल, पर्यावरणीय आणि सामाजिक बांधिलकीचा आराखडा आणि लोकसहभागाचा आराखडा हे तीन कागद शोधा. ऑक्टोबर २०१८ पासून बँकेची जी नवी चौकट लागू आहे तिच्यात दहा मानकं आहेत. पाचवं जमीन आणि पुनर्वसनाचं, सातवं आदिवासी समूहांचं आणि दहावं लोकसहभाग व माहिती उघड करण्याचं. ही तीन मानकं मुळातून वाचा, सारांशावर विसंबू नका. तुमच्या प्रकल्पाच्या कागदात सातव्या मानकापुढे 'लागू नाही' असं लिहिलेलं दिसलं आणि जमीन आदिवासींची असली, तर पहिलं पत्र त्याच विषयावर लिहायचं. ते पत्र भारताच्या कार्यकारी संचालकांनाही पाठवा. बँकेच्या मंडळात ते भारतासोबत बांगलादेश, भूतान आणि श्रीलंकेचंही प्रतिनिधित्व करतात.

दुसरी पायरी: समस्या लिहिण्याआधी इतिहास लिहा

प्रकल्पाचे प्रस्ताव बहुधा एकाच ठरावीक वाक्याने उघडतात: या भागात गरिबी आहे, साक्षरता कमी आहे, सुविधा नाहीत. जणू गरिबी तिथे पावसासारखी पडली. हैतीचं उदाहरण घ्या. गुलामीत असलेल्या माणसांनी १८०४ मध्ये लढून स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून त्या देशाकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली, मालमत्ता गेल्याची भरपाई, आणि त्या मालमत्तेत मुक्त झालेली माणसंही धरलेली होती. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, पण तिच्यापायी घेतलेली कर्जं १९४७ पर्यंत फिटत राहिली. हैतीच्या दारिद्र्यावरचा जो अहवाल हे न सांगता थेट 'कमकुवत कारभारा'पासून सुरू होतो, तो अर्धवट अहवाल आहे आणि त्यातून निघणारी शिफारसही अर्धवटच असणार.

पैसा दोन्ही दिशांनी मोजायची शिस्त आपल्याला दादाभाई नौरोजींनी घालून दिली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेल्या या माणसाने १८६७ मध्ये लंडनच्या सभेत इंग्लंड भारताचं देणं लागतं अशी मांडणी केली आणि नंतर आयुष्यभर संपत्तीच्या निचऱ्याचे आकडे जुळवले. तीच रीत आज वापरा. मदतीच्या आकड्याशेजारी त्या देशाने त्याच वर्षी फेडलेलं कर्ज आणि व्याज लिहा, बाहेर गेलेला नफा लिहा, परदेशी सल्लागारांना परत गेलेली फी लिहा. सरकारी ताळेबंदात आणि बँकेच्या कर्ज-आकडेवारीत हे सापडतं.

आता आपल्या खोऱ्याकडे या. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बुडितात होती, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. १९७९ च्या नर्मदा जलविवाद लवादाने जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, असा चांगला निकाल दिला होता. पण जमीन मिळणार कुणाला, तर ज्याच्या नावावर ती होती त्याला. सातपुड्यातली कितीतरी शेती पिढ्यान् पिढ्या कसलेली असूनही कागदावर वनखात्याची होती, आणि ती कसणारा कागदावर अतिक्रमणदार. १८७८ आणि १९२७ च्या इंग्रजी अमलातल्या वनकायद्यांनी ज्याला चोर ठरवलं, त्याला १९८५ च्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने भरपाईच्या रांगेतून वगळलं. वॉशिंग्टनमधल्या कुणाच्या मनात आदिवासींबद्दल द्वेष असण्याची गरजच पडली नाही. जुना दाखला पुढे सरकवला की काम भागत होतं.

मोर्स समितीने या जागेवर बोट ठेवलं. तिचा आधार होता आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक १०७, ज्याला भारताने १९५८ मध्ये मान्यता दिली होती. परंपरेने वहिवाटीत असलेल्या जमिनीवर आदिवासींची मालकी तो करार मानतो, सातबाऱ्यावर नाव असो वा नसो. यातून घेण्यासारखी युक्ती अशी: स्थानिक कायदा वसाहती साच्यातला असेल, तर आपल्या सरकारने सही केलेला आंतरराष्ट्रीय करार शोधा आणि निधी देणाऱ्याच्या स्वतःच्या नियमांशी तो जोडून दाखवा. समितीने तेच केलं. आज भारतात आपल्या हाती २००६ चा वनहक्क कायदाही आहे, जो १९८५ मध्ये नव्हता.

प्रत्यक्ष काम असं करा. गावातल्या जुन्या माणसांसोबत दीडशे वर्षांची कालरेषा काढा. कुठल्या वर्षी कुठला कायदा आला, मोजणी झाली की नाही, कुणाची नावं नोंदली गेली, कुणाची सुटली, कोण कधी उठवलं गेलं. मग प्रकल्पाच्या पात्रतेच्या अटी घ्या आणि एकेक अट त्या रेषेवर ठेवून पाहा. जी अट जुन्या वंचनेला पात्रतेचा निकष बनवते, तिच्याविरुद्ध लेखी हरकत घ्या आणि पर्यायी पुरावा सुचवा: ग्रामसभेचा ठराव, शेजाऱ्यांची साक्ष, जुन्या झाडांच्या, थडग्यांच्या, देवस्थानांच्या जागा. वनहक्क कायद्याच्या नियमांत असा पुरावा मान्य आहे. मग आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने तो का मानू नये, हा प्रश्न बिनतोड आहे.

तिसरी पायरी: संमती घ्यायची तर नकाराला जागा ठेवा

थॉमस बर्जर नर्मदेवर येण्याआधी कॅनडात एक मोठं काम करून आले होते. १९७४ ते १९७७ या काळात मॅकेन्झी खोऱ्यातून जाणाऱ्या वायूवाहिनीची चौकशी त्यांच्याकडे होती. ते उत्तरेतल्या ३५ वस्त्यांमध्ये गेले, तिथल्या माणसांनी आपापल्या भाषेत साक्ष दिली, आणि तिथल्या आदिवासींच्या भाषांमधून रेडिओवर त्याचे वृत्तांत जात राहिले. शेवटी त्यांनी दहा वर्षं वाहिनी घालू नये अशी शिफारस केली, आधी जमिनीच्या दाव्यांचा निकाल लागू द्या म्हणून. संमती म्हणजे काय याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. 'नाही' हे उत्तर ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच ती चौकशी सुरू झाली होती.

आपल्याकडे गडचिरोलीतल्या लेखा-मेंढाने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असं ठणकावून सांगितलं आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायची रीत पाळली. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. बाहेरून येणाऱ्याने अशा गावाची रीत आधी शिकून घ्यावी.

सल्लामसलतीच्या बैठकीसाठी काही ठाम अटी घाला. माहिती पावरी, भिलोरी, गोंडी अशा बोलत्या भाषेत आणि ऐकता येईल अशा स्वरूपात द्या, छापील मराठी पत्रकाने भागत नाही. पहिली बैठक माहितीची, दुसरी प्रश्नांची, निर्णयाची त्यानंतर, आणि मधे लोकांना आपापसांत बोलायला वेळ. बायकांची बैठक वेगळी, त्यांना सोयीच्या वेळी. पेरणीत बैठक लावू नका, होळीच्या दिवसांत लावू नका, आणि अर्धं गाव ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेलं असताना तर मुळीच नको. निधी देणाऱ्याचं आर्थिक वर्ष मार्चमध्ये किंवा डिसेंबरमध्ये संपतं, ही गावाची अडचण नाही. बैठकीच्या वृत्तांतात हजेरीच्या सह्यांपेक्षा मोठी जागा हरकतींना द्या, कारण हजेरीची सही पुढे संमतीची सही म्हणून वापरली जाते. वृत्तांत मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कुणाचाही अंगठा घेऊ नका.

चौथी पायरी: अंदाजपत्रक रंगवा

समतेच्या सगळ्या भाषणांची परीक्षा अंदाजपत्रकात होते. प्रकल्पाचं अंदाजपत्रक समोर घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारा: ही रक्कम बदलायची तर परवानगी कुणाची लागते? निधीदात्याच्या मुख्यालयाची लागत असेल तर लाल, देशातल्या मोठ्या संस्थेची लागत असेल तर पिवळा, गावातल्या समितीला स्वतः बदलता येत असेल तर हिरवा. पैसा 'गावासाठी' किती आहे हे विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी छान येतं. हिरव्या ओळींची बेरीज किती, ते विचारा. बहुतेक अंदाजपत्रकांत ती बेरीज पाहून माणूस गप्प होतो, आणि खरी चर्चा त्यानंतर सुरू होते.

मोठी आश्वासनं कशी विरतात हेही ध्यानात असू द्या. मे २०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी शिखर परिषदेत मोठ्या देशांनी आणि संस्थांनी वचन दिलं की २०२० पर्यंत मानवतावादी निधीतला २५ टक्के भाग शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना जाईल. ते लक्ष्य गाठलं गेलं नाही, थेट जाणारा वाटा एक अंकी टक्केवारीतच अडकून राहिला. अमेरिकेच्या यूएसएड या विकास संस्थेने २०२१ मध्ये तसंच २५ टक्क्यांचं वचन दिलं, दोन वर्षांनी ती दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळत होती, आणि २०२५ मध्ये ती संस्थाच बंद झाली. एका राजधानीतला निर्णय आणि आफ्रिकेतल्या, आशियातल्या दवाखान्यांची दारं बंद. अशा पैशावर उभी असलेली व्यवस्था किती परावलंबी होती, हे त्या वर्षाने दाखवलं. म्हणून करारात अचानक थांबवण्याविरुद्धचं कलम मागा: किमान सहा महिन्यांची पूर्वसूचना आणि त्या काळातले पगार.

वाटाघाटीत चार गोष्टी मागाव्यात. पहिली, प्रशासकीय खर्चाचा वाटा आंतरराष्ट्रीय भागीदाराला जितका, तितकाच आम्हाला. अमेरिकी सरकारी अनुदानात स्वतःचा वाटाघाटीने ठरलेला दर नसलेल्या संस्थेला १० टक्क्यांचा सरधोपट दर मिळे, ऑक्टोबर २०२४ पासून तो १५ झाला. मोठ्या संस्थांचे ठरवून घेतलेले दर मात्र त्याहून बरेच वर असत. दुसरी, एकाच कामाला एकाच पट्टीने पगार. परदेशी आणि स्थानिक कर्मचाऱ्यांच्या दोन वेगळ्या वेतनश्रेणी ही या क्षेत्रातली सर्वांत उघडी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी विषमता आहे. घरभाडं, मुलांचं शिक्षण, प्रवास हे भत्ते वेगळे दाखवा, पण मूळ पगार एक असावा. तिसरी, भाषांतर आणि दुभाष्यांचा खर्च सुरुवातीलाच स्वतंत्र ओळीत. चौथी, माहिती सांगायला दिवसभर बसणाऱ्या गावकऱ्यांना त्या दिवसाची मजुरी. सल्लागाराच्या वेळेला डॉलर मोजायचे आणि ज्याच्या ज्ञानावर अहवाल उभा आहे त्याला चहा पाजून परत पाठवायचं, ही रीत बंद व्हायला हवी.

भारतातल्या संस्थांनी एक अडचण निधीदात्याला पहिल्याच बैठकीत समजावून सांगावी. परकीय योगदान नियमन कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी एका संस्थेकडून दुसरीकडे देता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि परदेशी निधी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावा लागतो. मोठ्या संस्थेला पैसे द्यायचे आणि तिने ते छोट्या गटांत वाटायचे, हा निधीदात्यांचा आवडता नमुना त्यामुळे भारतात बंद आहे. यातून आडवाटा काढू नका. सेवाशुल्काच्या नावाखाली पैसे वळवल्याचा ठपका आला तर सर्वाधिक धोका छोट्या संस्थेच्या नोंदणीला असतो. निधीदात्याला नोंदणी असलेल्या छोट्या संस्थांशी थेट करार करायला भाग पाडा. पाच छोट्या करारांची कागदपत्रं सांभाळणं हे त्यांच्या कार्यालयाचं काम आहे, तसं स्पष्ट म्हणा. क्षेत्रकामातल्या लोकांचे पगार कार्यक्रमात आणि कार्यालयातले प्रशासनात, ही विभागणी सनदी लेखापालाकडून सुरुवातीलाच तपासून घ्या.

पाचवी पायरी: बोलणार कोण, हे आधी ठरवा

१९८९ मध्ये मेधा पाटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. पुढच्याच वर्षी जपानने सरदार सरोवरासाठीचा आपला निधी मागे घेतला, कारण टोकियोतल्या कार्यकर्त्यांनी तिथे हा विषय लावून धरला होता. १९९४ मध्ये मणिबेलीच्या नावाने जाहीरनामा निघाला, ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी त्यावर सह्या केल्या आणि मोठ्या धरणांना बँकेने पैसा देणं थांबवावं अशी मागणी केली. १९९८ ते २००० या काळात काम केलेल्या जागतिक धरण आयोगावर मेधाताई सदस्य होत्या. दूरच्या राजधानीतले मित्र काय करू शकतात, हे यातून दिसतं. ते दार उघडतात, आतली भाषा समजावून देतात, तिथल्या खासदाराला जागं करतात.

पण हिशेब पूर्ण मांडायला हवा. बँक गेली, धरण थांबलं नाही. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला मोकळीक दिली, देशातल्याच पैशाने भिंत चढत गेली आणि १३८.६८ मीटर उंचीचं धरण १७ सप्टेंबर २०१७ रोजी राष्ट्राला अर्पण झालं. वॉशिंग्टनमधल्या संघटनांना बँकेत सुधारणा हवी होती, ती बऱ्याच अंशी मिळाली. खोऱ्यातल्या माणसांना आपलं गाव हवं होतं. दोघांचे मार्ग काही काळ एक होते, ध्येय एक नव्हतं. याबद्दल कुणाला दोष देण्यात अर्थ नाही, पण पुढच्या आघाडीत हा फरक पहिल्याच दिवशी लिहून ठेवला पाहिजे.

म्हणून परदेशी साथीदाराबरोबर एका पानाचा लेखी समझोता करा. मागण्या कोण ठरवणार? तडजोड मान्य करण्याचा अधिकार कुणाचा? पत्रकारांशी कोण बोलणार? अहवालावर नावं कुणाची, कुठल्या क्रमाने? मुख्य निधी या आघाडीच्या नावाने मिळाला तर वाटणी कशी? या पाचही प्रश्नांत अखेरचा शब्द बाधित लोकांच्या संघटनेचा असावा. आणि एखाद्या संस्थेने परिषदेचं निमंत्रण दिलं तर सत्र ठरवण्याच्या बैठकीला बोलवा म्हणावं, केवळ अनुभवकथनाला नको. आफ्रिकी, आशियाई माणसाने वेदना सांगायची आणि युरोपीय माणसाने विश्लेषण करायचं, ही वाटणी व्यासपीठावरूनच नाकारावी.

सहावी पायरी: तक्रारीची यंत्रणा वापरा

नर्मदेच्या संघर्षातून जगाला मिळालेली एक टिकाऊ गोष्ट म्हणजे जागतिक बँकेचं तपासणी मंडळ. सप्टेंबर १९९३ मध्ये त्याचा ठराव झाला. आज बाधित क्षेत्रातली दोन किंवा अधिक माणसं तिथे थेट तक्रार करू शकतात. वकील लागत नाही, इंग्रजी लागत नाही, नाव गुप्त ठेवायला सांगता येतं, आणि प्रकल्प बंद झाल्यावरही १५ महिन्यांपर्यंत मुदत असते. बँकेची खासगी क्षेत्राला कर्ज देणारी शाखा आयएफसी. तिच्या प्रकल्पांची तक्रार वेगळ्या लोकपाल कार्यालयाकडे जाते. आशियाई विकास बँकेची आणि बीजिंगच्या आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेचीही स्वतःची यंत्रणा आहे. म्हणून आधी पैसा नेमका कुठल्या खिशातून आला ते पक्कं करा.

तक्रार दोन ते चार पानांची पुरते. आम्ही कोण, कुठे राहतो. काय नुकसान झालं किंवा होणार, तारखांसह. बँकेचा कुठला नियम मोडला. आधी कुणाकुणाला कळवलं आणि काय उत्तर आलं. हा भाग नसेल तर तक्रार अडते, म्हणून सुरुवातीपासून प्रत्येक पत्राची पोच जपा. शेवटी, आम्हाला काय हवं. विशेषणं गाळा, छायाचित्रांवर ठिकाण आणि दिनांक लिहा. तक्रारीनंतर दबाव आला तर कुणी कुणाला कळवायचं, हे तक्रार पाठवण्याआधी ठरवा आणि सूडाचा धोका अर्जात नोंदवा.

अपेक्षा नेमक्या ठेवा. मंडळ भरपाई वाटत नाही, प्रकल्प रद्द करण्याचा अधिकारही त्याला नाही. पण त्याच्या चौकशीने पैसा अडतो. टांझानियात रुआहा राष्ट्रीय उद्यानाच्या विस्तारात हाकलले जाणाऱ्या शेतकऱ्यांनी आणि गुराख्यांनी २०२३ मध्ये तक्रार केली. १५ कोटी डॉलरच्या त्या पर्यटन प्रकल्पाचा निधी बँकेने एप्रिल २०२४ मध्ये रोखला आणि वर्ष संपायच्या आत प्रकल्प रद्द झाला. कच्छमधल्या मुंद्र्याच्या मच्छीमारांची लढाई दुसरी बाजू दाखवते. कोळशावरच्या वीज प्रकल्पाला आयएफसीने ४५ कोटी डॉलर दिले होते. लोकपालाने २०१३ मध्ये आयएफसीच्या चुका दाखवल्या, तरी सुधारणा होईना, तेव्हा मच्छीमार अमेरिकी न्यायालयात गेले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी सांगितलं की अशा संस्थांना खटल्यांपासून संपूर्ण अभय नाही. पुढे खालच्या न्यायालयांनी मूळ खटला अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर फेटाळला आणि २०२२ मध्ये तो तिथेच संपला. मच्छीमारांना भरपाई मिळाली नाही. मात्र ७० हून अधिक वर्षं अभेद्य मानलेली भिंत त्यांनी फोडली, आणि पुढच्या तक्रारदाराने त्या निकालाचा उल्लेख आपल्या पत्रात जरूर करावा.

सातवी पायरी: आपल्या घरातली उतरंड मोजा

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. आपल्याकडच्या जातीची बेडी आणि अटलांटिकपलीकडची बेडी एकाच जातीची आहे, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००२ च्या आपल्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत जातीवर आधारलेला भेदभाव स्पष्टपणे वंशभेद निर्मूलन कराराच्या कक्षेत घेतला. भारत सरकारने मात्र २००१ च्या डर्बनमधल्या जागतिक वंशभेदविरोधी परिषदेत जातीचा विषय नको अशीच भूमिका घेतली होती.

म्हणून 'स्थानिकांच्या हाती सत्ता द्या' असं म्हणताना स्थानिक म्हणजे कोण, हे विचारावंच लागतं. दिल्ली-मुंबई-पुण्यातल्या उच्चवर्णीय मंडळींच्या हाती निधी आला की काम संपलं, असं होऊ नये. आपल्याच संस्थेचा तक्ता करा: विश्वस्त मंडळात दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, मुस्लिम किती, धोरण लिहिणारे कोण, गाडी चालवणारे, वस्तीत राहणारे, अकरा महिन्यांच्या करारावर असणारे कोण. हा तक्ता वार्षिक अहवालात छापा. लंडन किंवा जिनिव्हातल्या कार्यालयात तुम्ही दक्षिणेकडचा आवाज म्हणून बसला असाल, तर आपल्या जातीने आणि शाळेने आपल्याला तिथवर किती पोचवलं याचाही हिशेब मनात असावा आणि पुढची खुर्ची कुणासाठी सोडायची याचा विचारही.

शिवाय भारत आता घेणाराच राहिलेला नाही. १९६४ पासून आपण इतर देशांना प्रशिक्षण देतो, एक्झिम बँकेमार्फत आफ्रिकी देशांना कर्जं देतो. इथिओपियाच्या गाम्बेला भागात एका भारतीय कंपनीने एक लाख हेक्टर जमीन भाडेपट्ट्याने घेतली होती, तिथल्या अनुआक लोकांच्या तक्रारी जगभर गेल्या. आपल्या पैशाने चाललेल्या कामालाही वरच्या सगळ्या पायऱ्या लागू करा. पहिला कागद तोच, चार रकान्यांचा.

आठवी पायरी: छायाचित्रं आणि कथा

इथे फार बोलायचं कारण नाही, नियम साधे आहेत. उघड्यानागड्या मुलाचा फोटो निधी उभारायला वापरायचा नाही. ज्याचा फोटो आहे त्याला तो कुठे छापणार ते दाखवायचं, त्याच्या भाषेत विचारायचं, नंतर नको म्हणाला तर काढून टाकायचा. ब्रिटनमधल्या कॉमिक रिलीफ या धर्मादाय संस्थेने टीकेनंतर २०२० मध्ये प्रसिद्ध चेहऱ्यांना आफ्रिकेत पाठवून निधीसाठी चित्रफिती काढणं बंद करायचं ठरवलं. एवढ्या मोठ्या संस्थेला ते जमतं तर तुमच्या निधीदात्यालाही जमेल.

नववी पायरी: वचनांची वही

निधीदाता, मंत्रालय किंवा आंतरराष्ट्रीय संस्था जेव्हा समतेचं, स्थानिकीकरणाचं, वंशभेदविरोधाचं निवेदन काढते, तेव्हा त्यातून चार गोष्टी वहीत उतरवा: आकडा, मुदत, जबाबदार अधिकाऱ्याचं पद, आणि न पाळल्यास काय. ब्रिटिश संसदेच्या आंतरराष्ट्रीय विकास समितीने २०२२ मध्ये मदतक्षेत्रातल्या वंशभेदावर स्वतंत्र अहवाल काढला. अशा अहवालातली शिफारस त्याच देशाच्या निधीदात्यापुढे ठेवायला उत्तम. निवेदनात चारपैकी एकही गोष्ट नसेल तर आठवड्याच्या आत पत्र लिहून ती मागा. असतील तर दरवर्षी त्याच तारखेला पत्र पाठवा: ठरलं काय होतं, झालं काय, उरलेलं कधी. पत्राची प्रत त्यांच्या संसद सदस्यांना, आपल्या कार्यकारी संचालकांना आणि ज्या गावांच्या नावाने पैसा आला त्या ग्रामसभांना द्या. ग्रामसभेत ते पत्र वाचून दाखवल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्या आणि त्या इतिवृत्ताची प्रत पुढच्या वर्षीच्या पत्राला जोडा.